आत्याचे सहा तास

३ जून

ती. बाबांस, शि. सा. न.

पुलावरच्या पाणीपातळीच्या तुमच्या वह्या फार कामाला आल्या. पंधरा वर्षांत एकही खाडाखोड नाही! कार्यालयात सगळे म्हणतात, हा माणूस मोजपट्टी घेऊनच जन्माला आला असणार. त्या वह्यांच्याच जोरावर आमची पूर-इशारा यंत्रणा उभी राहिली. मोठ्या पुरात वरच्या बंधाऱ्याचं पाणी तुमच्या पुलाशी यायला सहा तास घेतं, असा अंदाज निघालाय. आत्या पुलाजवळ नदीकाठीच राहते, म्हणून तिचा नंबर यादीत पहिला घातला. ती म्हणते, पोरीने एवढी विद्या केली, आता एकदा तरी पूर यायलाच हवा.

औषध चुकवू नका, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची चिमणी

१९ ऑगस्ट

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

आत्याला जाऊन आज दहा दिवस झाले. इशारा मिळूनही ती घरातच कशी राहिली, कळत नाही. तिसऱ्याच तासाला पाणी आत शिरलं. लोक तुझ्या यंत्रणेला नावं ठेवतात, ते मला ऐकवत नाही. चूक माझ्या वहीची आहे. तुझी आई शेवटची इस्पितळात होती, त्या पावसाळ्यात मी तिच्याजवळ बसून असायचो. दुपारनंतर पुलावर जायचो आणि सकाळचे रकाने अंदाजाने भरायचो. तुझा सहा तासांचा अंदाज ज्यांवरून निघाला, ते तिन्ही मोठे पूर त्याच वर्षीचे. पाणी सकाळीच चढलेलं असायचं, वहीत मात्र मी पोचल्यावर चढायचं. लाज वाटायची, म्हणून अक्षर जास्तच नीट काढलं.

सख्ख्या बहिणीला मी बुडवलं, पोरी. जमलं तर बापाला पदरात घे.

तुझे बाबा

२६ ऑगस्ट

ती. बाबांस, शि. सा. न.

सगळं स्वतःच्या माथी घेऊ नका. त्या वर्षीचे आकडे विचित्र आहेत, हे आम्हाला आधीच दिसलं होतं. सहकारी म्हणाला, एकदा वडिलांना विचार. मी त्याच्यावरच उखडले. बाबांच्या वहीवर शंका घ्यायची नाही, म्हटलं. तुम्ही आईजवळ होतात, याचं मला आजही बरंच वाटतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही. इशारा गेल्यावर आत्याचा मला फोन आला होता. पिशवी हातात आहे, आत्ताच निघू का, असं विचारत होती. मी म्हटलं, पाऊस ओसरू दे, उगाच पाय घसरेल, अजून सहा तास आहेत. तिने माझं ऐकलं.

रागावलात तरी चालेल, पण पत्र पाठवा.

तुमची चिमणी