आईच्या हातची गाठ

शिरूर अनंतपाळ
१२ ऑगस्ट १९८६

चि. शेषेराव यास ताईचा आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. पाऊस अजून नाही. उस्मानाबादला खेटे घालायचे दिवस गेले, मासेमारीचं ऑफिस आता आपल्या लातूरला आणि साहेब तू, आपल्याच घरचा, म्हणून मच्छीमार सोसायटीनं शाल-नारळ देऊन तुझा सत्कार केला होता. आठवतं ना?

तलाव आटून डोहाएवढा राहिलाय. त्यात अंड्यावर आलेल्या मरळी होत्या. त्या वाचल्या तरच पुढच्या वर्षी मासा, म्हणून पोटाला चिमटा काढून आम्ही भोयांनी पाण्यात जाळं टाकलं नाही. बंदीचा कागद तूच वाचून दाखवलास. ज्या जाळ्यातून दोन बोटं जात नाहीत ते जप्त करीन, असंही तूच म्हणालास.

गेल्या सोमवारी भर दुपारी कुणीतरी डोह खरवडून नेला. बोटाएवढी पिल्लंसुद्धा ठेवली नाहीत. राखणीला ग्यानोबाकाका होते. "जीपमधून आले, सरकारी हाओत म्हनले. म्या काय करू?" एवढंच ते सांगत राहिले. आम्ही धावलो तेव्हा माणसं पळाली, चिखलात रुतलेलं जाळं तेवढं राहिलं. तू आलास, पंचनाम्यात मालक अज्ञात लिहिलंस, जाळं माझ्या ओसरीवर ठेवायला सांगितलंस आणि चहा न घेता गेलास.

शेषेराव, आई डावखुरी होती. तिची गाठ उलटी बसायची. तशी गाठ गावात दुसऱ्या कुणाची नाही. झिंगे धरायचं तिचं ते बारीक जाळं तिच्या तेराव्याला तू आठवण म्हणून मागितलंस. मी रडत रडत घडी घालून दिलं. ते जीपवाल्यांना देताना तुला लाज कशी वाटली नाही?

पंचनाम्याच्या वेळीच मी ते जाळं ओळखलं होतं. तुझ्या नोकरीपायी गप्प बसले आणि लोकांनी ग्यानोबाकाकांना चोर ठरवलं. म्हातारा तेव्हापासून जेवत नाही. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे.

येत्या रविवारी सोसायटी त्यांना काढून टाकणार आहे. त्याआधी ये आणि अज्ञात खोडून तुझं नाव लिही. नाही आलास तर जाळं मी सगळ्यांसमोर पसरीन. आईचा हात ओळखणाऱ्या दोघी-तिघी म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत.

यंदा राखी पाठवत नाही. पाकिटात त्या जाळ्याचा तुकडा आहे. बांधून घ्यायचा तर तो बांध.

चांगुणाबाईची लेक,
पंचफुला