पाणी कमी वापरल्याबद्दल नळ न तोडण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (मीटर विभाग),
पाणीपुरवठा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : घरात कोणीही राहत नसल्याची नोटीस व त्याच घरात सार्वजनिक शौचालय चालत असल्याची नोटीस, अशा दोन्ही नोटिसा मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या टेबल क्रमांक दोनची नोटीस, या महिन्याची तीन तारीख.
२) आपल्या टेबल क्रमांक चारची नोटीस, तारीख तीच, घेऊन आलेला शिपाईही तोच.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करतो की,

१. अर्जदार सॅनिटरी भांड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षे साचेकार आहे. कमोड आणि बेसिन ज्या साच्यांत ओतले जातात ते साचे तो घडवतो. सबब, कमोड या विषयात अर्जदार उगाच नाक खुपसत आहे असे कृपया समजू नये. अर्जदार, त्याची पत्नी, आत्या, दोन मुली आणि पत्नीचा धाकटा भाऊ अशी सहा माणसे तिसऱ्या मजल्यावर राहतात. सहाही हयात आहेत आणि पोटाच्या बाबतीत सहाही नियमित आहेत.

२. आमच्या नळाला रोज सकाळी चाळीस मिनिटे पाणी येते, तेही करंगळीएवढ्या धारेने. जुना कमोड एका खेपेला दहा लिटर पाणी गिळायचा. नळाचे बहुतेक सगळे पाणी त्या एकट्याच्या घशात जायचे आणि स्वयंपाक, आंघोळी, धुणीभांडी यांसाठी अर्जदाराची पत्नी तळमजल्याच्या हौदावरून बादल्या वाहायची. रोज अकरा बादल्या, चोपन्न पायऱ्या, अठरा वर्षे. घरातले पुरुष काय करत होते, असे आपल्या मनात येईल. कामावर निघण्याआधी दोन बादल्या आणायचे आणि फार मोठी मदत केली असे समजायचे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि जिना बंद करा म्हणून सांगितले. जिना बंद करणे अर्जदाराच्या हातात नव्हते. कमोड होता.

३. म्हणून अर्जदाराने कमी पाण्यात भागणारा घरगुती कमोड घडवायला घेतला. पहिले तीन नमुने कागदावर उत्तम होते. चौथ्या नमुन्याने जे नेले ते परत आणून दिले. पाचव्याचे पाणी छतापर्यंत गेले आणि त्या वेळी दुर्दैवाने मेहुणा आत होता. त्यानंतर महिनाभर तो सगळे काही ऑफिसात उरकूनच घरी यायचा. सहाव्या नमुन्यासमोर अर्जदार डोक्याला हात लावून बसला असता पत्नी आली, बादलीच्या तळाला राहिलेले पाणी तिने मनगटाच्या एका झटक्यात भांड्यात फेकले, आणि सगळे साफ. "अहो, पाणी सोडायचं नसतं, फेकायचं असतं," एवढे बोलून ती भाजी चिरायला निघून गेली. अर्जदार सव्वीस वर्षे पाणी सोडण्याचेच साचे करत होता, हे येथे खाली मान घालून नमूद करतो.

४. पुढचे तीन आठवडे अर्जदाराने तिच्याकडून तोच झटका पुन्हा पुन्हा करून घेतला आणि थोरल्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मनगट मोजले. शेवटी पत्नी म्हणाली की, लग्नात इतका वेळ हात धरला नव्हता. सातव्या नमुन्याची टाकी बिजागरीवर बसवली आहे. साखळी ओढली की टाकी सगळीच्या सगळी कलंडते आणि अडीच लिटर पाणी एका दमात भांड्यात पडते. भांड्याचा उतार खडा ठेवला आहे. बेसिनमध्ये हात धुतलेले पाणी नळीने त्याच टाकीत जमते, त्यामुळे नवे पाणी फारसे लागतच नाही. पहिल्या दिवशी आत्या काही काम नसताना चार वेळा आत जाऊन आली आणि बाहेर येऊन दर वेळी नुसतीच हसली. खालच्या मजल्यावरचा शिंपी, समोरची शिक्षिका, शिक्षिकेची सासू, सगळे पोटात कळ आल्याचे निमित्त करून येऊन गेले. घरात पाणी वाचवण्याची अशी चढाओढ लागली की धाकटी मुलगी तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना आणि आंघोळीचे पाणी फरशीला पुरवू लागली. नळाखाली पंधरा मिनिटांत दिवसाचे पाणी भरून होऊ लागले. सात महिने झाले, पत्नीने बादली घेऊन जिना चढलेला नाही. दुपारी ती पाय लांब करून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवते आणि अर्जदार घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच उभे आडवे शब्द विचारते. अर्जदाराला एकही येत नाही, पण विचारते याचाच त्याला फार आनंद होतो.

५. मीटरचे आकडे तिसऱ्या हिश्श्यावर आल्यामुळे आपल्या कार्यालयाने मीटर नादुरुस्त ठरवून बदलले. मग बदललेले बदलले. मग तेही बदलले. त्यानंतर आपले तपासनीस साहेब समक्ष आले. त्यांनी माणसे मोजली तर सात भरली, कारण शिंपी आत होता. तो बाहेर येताच साहेब स्वतः आत गेले आणि त्यांनी नऊ वेळा साखळी ओढली. आम्ही बाहेर उभे राहून मोजत होतो. बाहेर आल्यावर हे त्यांच्या घरी बसवता येईल का, अशी त्यांनी हळूच चौकशी केली आणि अहवालात लिहिले की, भांडे समाधानकारक, पाण्याचा वापर संशयास्पद.

६. येथे अर्जदाराकडून एक चूक घडली, ती कबूल करतो. कारखान्यात प्रत्येक चाचणीची नोंद ठेवण्याची शिस्त असते. त्या सवयीने अर्जदाराने शौचालयाच्या दाराला एक रजिस्टर आणि दोरीने बांधलेली पेन्सिल टांगली होती. वेळ, कारण, पाणी व शेरा असे चार रकाने. आत्याचे शेरे मनमोकळे आहेत, उदाहरणार्थ "उत्तम", "उत्तम, पण मेहुण्याने घाई केली" वगैरे. आम्ही खरोखर राहतो आणि खरोखर जातो, हे सिद्ध करण्यासाठी अर्जदाराने मोठ्या विश्वासाने ते रजिस्टर टेबल क्रमांक चारवर सादर केले. दुर्दैवाने भांड्याची ताकद तपासण्यासाठी अर्जदार त्यात कच्चे बटाटे सोडत असे आणि कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे दर बटाट्याची स्वतंत्र नोंद करत असे. टेबल चारने बटाटे माणसांत धरले. रोजचे एक्केचाळीस लोक भरले आणि सार्वजनिक शौचालय विनापरवाना चालवल्याची नोटीस निघाली. त्याच दिवशी टेबल दोनने मीटर पाहून घर रिकामे असल्याची नोटीस काढली. दोन्ही नोटिसांत शेवटचे वाक्य एकच आहे, की महिनाअखेर जोडणी तोडण्यात येईल.

७. महोदय, दोन टेबलांमध्ये एक फुलदाणी आणि साडेतीन फूट अंतर आहे. अर्जदाराने एका नोटिशीचे उत्तर म्हणून दुसरी नोटीस दाखवून पाहिली. टेबल दोनने ती टेबल चारकडे पाठवली, टेबल चारने ती पोचली म्हणून सही केली, आणि दोघांनी चहा मागवला. जोडणी तुटली तर पत्नी पुन्हा त्या चोपन्न पायऱ्यांवर, एवढे एकच अर्जदार सांगत होता. टेबल चारचे साहेब माणूस म्हणून भले आहेत. त्यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले, "अहो, कशाला डोकं फोडताय? महिनाभर नळ वाहता सोडा, सरासरी वर येईल, दोन्ही फायली बंद करून टाकतो."

८. त्यानुसार अर्जदाराने पहिल्या दिवशी घरातले पाणी भरून झाल्यावर नळ उघडाच ठेवला. आत्याने येता जाता तो बंद केला. तिला शिक्षिकेकडे बसवून ठेवले, तर मेहुण्याने नळाखाली बादली लावली, मग पातेली, मग डबे, मग डब्यांची झाकणे, मग शिंप्याकडची भांडी. त्या दिवशी थेंबभर पाणी वाया गेले नाही. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने सगळ्यांना दटावून मागे उभे केले आणि पाणी सरळ मोरीत सोडले. पत्नी दारात उभी होती. बादलीभर पाणी गेले की ती बोट मिटायची. एक बोट, दोन बोटे. तिसरे मिटले तेव्हा भिंतीचा आधार घेऊन ती खाली बसली, गुडघे दोन्ही हातांनी धरले आणि रडू लागली. अठरा वर्षांत जिन्यावर तिला कधी रडताना पाहिले नव्हते. अर्जदाराने नळ बंद केला. तेव्हापासून तो वाहता सोडलेला नाही.

९. सबब, विनंती की, दोन्ही नोटिसा मागे घ्याव्यात. ते नियमात बसत नसेल, तर महिनाअखेरपर्यंत रोज सकाळी नळ वाहता ठेवण्यासाठी आपला एक कर्मचारी घरी पाठवावा. आमच्यापैकी कोणाचा हात धजावत नाही. येण्याची वेळ त्याने आदल्या दिवशी कळवावी. तेवढा वेळ मी पत्नीला समोर शिक्षिकेकडे घेऊन बसेन.

आपला,
पाणी वाचवल्यामुळे कारवाईस पात्र ठरलेला,
साचेकार, तिसरा मजला
(सही)
तारीख : चालू महिन्याची अकरा

सोबत :
१) दोन्ही नोटिसा, एकाच टाचणीत.
२) रजिस्टरची प्रत, बटाट्यांच्या नोंदी लाल शाईने वेगळ्या दाखवून.
३) सहा माणसे हयात असल्याबद्दल शिंपी व शिक्षिका यांचा दाखला.
४) गुडघ्यांचा एक्स-रे. पाहून झाल्यावर परत मिळावा.