मामाकडून कपाट

१८ एप्रिल
भाचीच्या, पूजाच्या लग्नात कपाट माझं. ताईची एकुलती एक पोर, म्हणून चारचौघांत 'नवं कोरं देतो' म्हणून बसलो. जिभेला हाड नाही. आज मस्तगडजवळच्या जुन्या फर्निचरवाल्याकडून एक उचललं. तो म्हणाला, "बिलकुल मजबूत हाय. रंग मारा, कोन वळखतं?" बायकोलाही सांगितलं नाही.

२१ एप्रिल
पेंटरनं दारावर फुलासकट लिहिलं, 'चि. सौ. कां. पूजा हिस मामाकडून सप्रेम भेट.' तो गेल्यावर आतला लॉकर उघडला. त्याच्या दारावर तांबड्या अक्षरात, 'चि. सौ. कां. वैशाली हिस मामाकडून.' तोही मामाच! टेंपो बाहेर उभा. लॉकर लावला, किल्ली खिशात.

२२ एप्रिल
लग्न लागलं. आंदण मांडवात मांडलं, माइकवर नावं पुकारली. "मामाकडून नवं कोरं कपाट!" टाळ्या. मान वर करवेना. पूजाच्या सासूनं लॉकरची किल्ली मागितली. म्हटलं, दुकानातून यायची आहे. लाज कोळून प्यायलो. घास उतरला नाही. (खोटं. जिलेबी दोनदा घेतली.)

३ मे
अंबडहून पूजाचा निरोप आल्याचं ताई फोनवर सांगत होती. दागिने ठेवायला जागा नाही, सासू उद्या दुपारी किल्लीवाल्याला बोलावून लॉकर उघडणार. सगळ्यांसमोर! पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, माझ्यापायी.

४ मे
किल्ली नि रंगाची डबी घेऊन सकाळच्या एस.टी.नं अंबड. सासू देवळात गेलेली, बरं झालं. किल्ली पुढे केली तर पूजा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा. शेजारच्या काकूंची किल्ली बराबर लागली. कालच उघडलं म्या."
लॉकरच्या दारावर कॅलेंडरातला राजूरचा गणपती चिकटवलेला. कडा नीट दाबून. नाव झाकलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगाची डबी गुपचूप पिशवीत सारली.
चहा देताना हळूच म्हणाली, "कुनाला काय बोलू नका. पन मामा, त्या वैशालीनं कपाट का इकलं असंल हो? तिचं बरं असंल ना?"
चहा तसाच ठेवून निघालो.

५ मे
जुन्या फर्निचरवाल्याच्या दारात जाऊन आलो. विचारायचं होतं, कपाट कोणाच्या घरून आलं? तो म्हणाला, "या साहेब, आता काय देऊ?" त्याच्यामागे एक दिवाण. त्यावरचं नाव पोरं खरवडत होती.
काही नाही, म्हटलं.
घरी आल्यापासून पूजाचे दोन फोन येऊन गेले. घेतले नाहीत.