नवशिक्यांचा गट

रविवार, २२ जानेवारी

गेला गट! सव्वीस वर्षं स्कीच्या सहलीत नवशिक्यांचा गट माझा. आज दुपारी मुलांना एकेक करून उतारावरून सोडलं, कोणाला किती येतं ते बघितलं, आणि मुख्याध्यापक ओटमार यांनी यादी वाचली— "चौथा गट, नवशिके. सेव्हरिन सर." मग माझ्याकडे वळले.

"वाल्बुर्गा, तुम्ही पहिला गट घ्या. मानाचा आहे."

मान घाला चुलीत! पहिल्या गटातली पोरं चालायच्या आधी स्की शिकलेली. त्यांना मी काय शिकवू, कपाळ? पुढच्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे ही माझी शेवटची सहल. आणि तो गट म्हणे त्याने स्वतःहून मागून घेतला. सप्टेंबरात आलेला व्यायामाचा मास्तर! वय एकतीस, कानात डूल.

सोमवार, २३

लिफ्टच्या टांगत्या खुर्चीत बसून डोंगरावर जाताना खाली नवशिक्यांचा उतार दिसतो. हसण्याचा आवाज वरपर्यंत. पहिल्याच दिवशी! माझ्याकडे पोरं मंगळवारपर्यंत रडायची, मग शिकायची.

आणि या पठ्ठ्याच्या पायात स्कीच नाहीत. नुसते बूट घालून मुलांच्या शेजारून पळतोय. ओटमारना म्हटलं, हे काय? तर म्हणे, "नवी पद्धत असेल." मी काही केलं तर ती खोड, त्याने केलं तर पद्धत.

मंगळवार, २४

आज स्की घातल्या, तर मुद्दाम पडतो! मुलांना हसवायला. धप्पकन आपटतो, दाढीला बर्फ लावून उठतो, की सगळे खिदळायला मोकळे. नाटकी मेला. वेग आवरायचा नांगर तरी धड दाखवावा— स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, झालं! पण गुडघे बघवत नाहीत त्याचे.

जेवताना रोन्या माझ्या शेजारी. शाळेचा जिना उतरतानाही कठडा न सोडणारी पोर. "बाई, आज मी एकटी खाली आले! सेव्हरिन सर दहा वेळा पडले. मग मी एकदा पडले तर काय झालं?"

"वा," मी म्हटलं.

अंगाचा नुसता तिळपापड होतोय. सव्वीस वर्षांत मी मुलांसमोर एकदाही पडले नाही. एकदाही नाही! त्याचं कौतुक कोणी केलं?

बुधवार, २५, सकाळी

उद्या चौथा गट खुर्चीने वर जाणार, खऱ्या उतारावर. तिथे पळ म्हणावं बूट घालून.

बुधवार, जेवणानंतर

साडेचारला सगळी मुलं चहाला गेली. माझे हातमोजे लिफ्टवाल्या हाइनीच्या खोपटात राहिले होते, ते आणायला गेले. नवशिक्यांचा उतार रिकामा. सेव्हरिन एकटाच, स्की घालून. पडला. उठला. परत पडला. बघायला कोणी नव्हतं, तरी पडला.

मी खोपटाआड उभी राहून चार वेळा बघितलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. काय आनंद झाला म्हणून सांगू! वहीशी कशाला खोटं बोलू? नाचावंसं वाटलं.

"येतच नाही ना तुला?"

तो बसला तसाच बर्फात. "नाताळात तीन दिवस शिकलो, बाई. आमच्याकडे डोंगर कुठे आहेत? तळं आहे, आणि सपाट रान."

"मग नोकरीच्या वेळी सांगितलं नाहीस?"

"पोहणं विचारलं, दोर चढणं विचारलं, प्रथमोपचार विचारले. स्की येतं का, हे कोणी विचारलंच नाही."

कोण विचारणार! ऑस्ट्रियात व्यायामाच्या मास्तराला हे विचारायचं, म्हणजे जेवता येतं का विचारण्यासारखं.

"म्हणून नवशिकेच मागितले. म्हटलं, त्यांच्यापेक्षा एक दिवस तरी पुढे राहीन. आता उद्याचं काय करू, बाई?"

मी हातमोजे घेतले आणि आले.

जेवायला ओटमार समोरच. एक वाक्य बोलायचं, की गट माझा. अगदी ओठांवर होतं. पलीकडे रोन्या सेव्हरिनसाठी खुर्ची धरून बसली होती, कोणाला बसू देईना. तो आला आणि ताटात बघत बसला. एक घास खाल्ला नाही.

"काय वाल्बुर्गा, काही बोलायचंय का?"

"मीठ द्या," मी म्हटलं.

गुरुवार, २६

सकाळी सव्वासात. हाइनीने काही न विचारता नवशिक्यांना उतारावर चढवणारा सरकता पट्टा लवकर सुरू केला. ओटमारना सांगून ठेवलंय— आज माझा गट चौथ्या गटाला घेऊन वर जाणार, एकेकाला एकेक जण धरून, सेव्हरिनसकट. नवी पद्धत!

तोवर नवशिक्यांचा गट माझा. एकच मूल, वय एकतीस. नांगर भयंकर. पाच वेळा पडला. सहाव्यांदा सावरायला गेले, तर मीही धाडकन आपटले. त्याच्यासमोर!

"एकदा पडलात तर काय झालं, बाई?" म्हणाला गाढव, आणि हात पुढे केला.