अठ्ठावीस सांधे आणि एक खूण

प्रिय धाकटीस,

थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझी कंबर, नातवाचा खोकला आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्हींना आता उतार पडला असेल अशी आशा आहे. माझं म्हणशील तर बोटं सकाळी दहापर्यंत संपावर असतात, म्हणून पत्र दुपारी लिहितेय.

मोठी बातमी ही की माझा संधिवात संशोधनात गेलाय. (आपल्या घरातून एवढं पुढे गेलेलं हे पहिलंच.) हॉस्पिटलात नवी डॉक्टरीणबाई आलीय, माझ्या शाळेतल्या शेवटच्या तुकडीत शोभेल एवढी लहान. ती सांगते, डी जीवनसत्त्व रक्तात हिंडत असतं, पण त्याला पेशीत कामाला लावायला रिसेप्टर नावाची दारं लागतात. ज्यांची दारं कमी, त्यांचा आजार जास्त उसळतो का, हे तिला तपासायचंय. म्हणजे पाहुणा दाराशी आलेला आणि आत बोलवायला कोणी नाही. (मला तुझ्या थोरल्या जाऊबाई आठवल्या.) तर दर महिन्याला रक्त द्यायचं, मग ती माझे अठ्ठावीस सांधे दाबून दुखरे नि सुजलेले मोजते, आणि शेवटी कागदावरच्या आडव्या रेघेवर, शून्य ते शंभर, आज एकंदर कसं वाटतंय याची खूण मी करायची. एकतीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेल्या बाईपुढे शंभराची रेघ ठेवल्यावर काय होणार? पहिल्या दिवशी छान वाटत होतं, म्हणून खुशीत नव्वदावर खूण केली. (शंभर मी कुणालाच दिले नाहीत, तुलासुद्धा नाही.) डॉक्टरीणबाईचा चेहरा पांढराफटक! सांधे पुन्हा दाबले, नर्स धावली, चाकाची खुर्ची आली. तासाभराने उलगडा झाला की या परीक्षेत शून्यवाला पहिला येतो. असा पेपर आमच्या शाळेत कुणी काढला असता तर मुख्याध्यापकांनी त्यालाच बाकावर उभं केलं असतं.

मागच्या महिन्यात मात्र रेघ मला पाठ होती. सांधे शांत, रक्तातली सूज उतरलेली, रिसेप्टरही वाढलेले. तरी माझी पेन्सिल सत्तरावरच टेकली. "काकू, नक्की दुखतंय कुठे?" डॉक्टरीणबाईने विचारलं. काय सांगू तिला? नातवाला सांभाळायला दोन महिन्यांसाठी म्हणून गेलीस, त्याला चार वर्षं झाली. आदल्या दिवशी तुझी खोली झाडली आणि नंतर दोन कप चहा ओतून बसले. फार आठवण येते गं तुझी. मी आपलं सांगितलं, "मान." (मान त्या अठ्ठावीसांत धरत नाहीत.) तिने बिचारीने मानही तपासली.

बाकी सर्व उत्तम.

तुझी,
थोरली

ता. क. उगाच धावत येऊ नकोस. प्रवास लांबचा, तुझी कंबर तशी, आणि मी ठणठणीत आहे.

आणखी एक ता. क. पुढच्या खेपेलाही खूण वरच राहिली तर औषध वाढवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. ते औषध यकृताला जड. आणि खोटे गुण मी जन्मात दिलेले नाहीत. पुढची खूण वीस तारखेला आहे. एकोणीसला आलीस आणि शेजारच्या खुर्चीवर बसलीस, तर खरं लिहूनही मी पास होईन.