मयताची मेल उघडू नका

प्रिय मी-रान,

आई गेली. ही बातमी तुला आधीच पाठवली होती, पण तू ती खोटी ठरवलीस, म्हणून आता हाताने लिहितेय. या कागदाला व्हायरस नाही, बेधडक वाच.

वसंतात काय झालं ते मी विसरलेले नाही. रजिस्ट्रारसाहेब वारल्याची मेल आली आणि अख्ख्या विद्यापीठाने ती उघडली. आपल्याकडे मयताची बातमी न उघडता ठेवायची कोणाची छाती आहे? साहेब तिकडे मजेत डोंगर चढत होते आणि इकडे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर आडवे झाले, मुलांचे मार्क अडकले. ते तू निस्तरलंस. नंतर स्वतःच खोट्या मेल पाठवून आमची परीक्षा घ्यायला लागलीस. मीही फसले आणि तुझ्या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या वर्गात मान खाली घालून बसले. तेव्हा तूच सांगितलंस, संशय आला तर ओळखीच्या नंबरवर फोन करून विचारा, त्यात लाज कसली. मला तुझा अभिमान वाटला होता गं. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, माझ्याच रस्सा-भातावर वाढलंय ते डोकं.

खोटं नव्हतं ते. विद्यापीठाच्या मागच्या फाटकाजवळ तिची खानावळ, आणि तू कॉलेजभर तिथेच जेवलीस. खिसा रिकामा असला की दारात घुटमळायचीस. मग आई आतून ओरडायची, "ये आत भवाने, रस्सा निवतोय." तिला मावशी आणि मला ताई म्हणायचीस ते तेव्हापासूनच.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेतेय असं मी सगळ्यांना सांगितलं, ते तिच्या हट्टापायी. कॅन्सर म्हटलं की लोक फळांच्या पेट्या आणि रडकी तोंडं घेऊन येतात, ते तिला नको होतं. मयताला मात्र सगळ्यांनी यावं आणि पोटभर जेवून जावं, एवढंच तिने मागितलं. म्हणून मी सगळ्यांना मेल केली आणि इस्पितळाच्या अंत्यविधीच्या दालनात, रीतीप्रमाणे तीन दिवस येणाऱ्यांसाठी, शंभर माणसांचा तिखट रस्सा सांगितला.

काळे कपडे घालून तिच्या फोटोशेजारी बसले होते, तेव्हा फोनवर तुझी सूचना आली. "ग्रंथालयातल्या सुन-ओक यांच्या नावाने आलेली मयताची मेल बनावट आहे. उघडू नका, उत्तर देऊ नका." खाली तुझं नाव.

म्हणशील, तेव्हाच फोन का नाही केलास? मयताला या म्हणून कोणी आर्जवं करतं का? आणि खरं सांगू, मी तुझ्या फोनची वाट बघत होते. माझ्या नावाने कोणी लोकांना फसवतंय असं तुला वाटलं, तर निदान तेवढं सांगायला तरी करशील ना! तिन्ही दिवस फोन मांडीवर घेऊन बसले. शेजारणी आल्या, मामेभाऊ आला, आईचा जुना भाजीवाला येऊन रडला. विद्यापीठातलं चिटपाखरू फिरकलं नाही. वाढणारी बाई सारखी विचारायची, अजून कोणी यायचंय का? मी हो म्हणायची. शेवटी तिने रस्सा ओतून टाकला. आईने जन्मात कधी अन्न टाकलं नव्हतं.

सोमवारी कामावर गेले तर जो तो हसत विचारतोय, पासवर्ड बदललास का? मी म्हटलं, बदलला. आई गेली असं सांगायला तोंडच उघडेना. त्या बिचाऱ्यांवर काय रागवायचं, ते तुझं ऐकत होते. पण तू, तिच्या हातचं खाल्लेली, तुला एक फोन जड झाला?

काल तुझा मेसेज आला. मावशीकडे कोबीचं किमची लोणचं घालायला कोणत्या शनिवारी जमायचं, डुकराचं मटण मी आणते, तिला सांग गुडघे सांभाळ, जड कामं मी करेन. वाचून मी स्वयंपाकघरातच कागद घेऊन बसले. त्या मेसेजचं उत्तर म्हणून हे पत्र. मी तुला माफ केलेलं नाही, करीनसं वाटतही नाही. आधी तू एकेकाला फोन कर. सूचना पाठवू नकोस, फोन कर, आणि तुझ्या तोंडाने सांग की ती बातमी खरी होती. मग शनिवारी ये. लोणच्याचा कोबी तिने दवाखान्यात जायच्या आधीच सांगून ठेवलाय, तुझा वाटा धरून.

अजून तरी तुझीच,
सुन-ओक