लाल वाळू कुठे गेली

१४ मार्च

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. तुमची कंबर कशी आहे?

काम छान चाललंय. आमच्या प्रयोगशाळेत खोलीभर लांब पेटीत वाळू भरून नदी करतात. वाळू पट्टीने सपाट करणं माझ्याकडे. मॅडम म्हणतात, "पुरे रे, आता पाणी सोड, नाहीतर नदी म्हातारी होईल." मी आणखी एकदा पट्टी फिरवतोच.

पाणी सरळ सोडलं तरी वळणं घेतं. वळणावर बाहेरच्या काठाला जोरात घासतं, माती पोखरतं. आतल्या काठाशी मंद होतं, तिथे गाळ टाकतं. आपली होड्या बांधायची शेड आणि घर बाहेरच्या काठावर, काका समोर आतल्या काठावर. म्हणून आपलं अंगण घटतं आणि त्यांचा मळा वाढतो.

तुम्ही म्हणाल, "तेच तर! माझी माती भावाने गिळली." म्हणून मी आपल्यासारखंच वळण केलं आणि आपल्या काठात लाल वाळू भरली. दिवसभर पाणी सोडलं. लाल वाळू समोर जवळजवळ गेलीच नाही. खालच्या वळणावर, आपल्याच बाजूला जाऊन बसली. मन खात होतं म्हणून पुन्हा करून पाहिलं. तेच. काकांकडे येते ती माती वरून, कुणा तिसऱ्याची.

बाबा, शेड राहू द्या. होड्यांना खोल पाणी तिथेच आहे. पण झोपायच्या खोलीच्या भिंतीखालची माती सुटलीय. दिवसा काम तिथे करा, रात्री झोपा दुसरीकडे, एवढंच मागतो.

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मघापासून टाळतोय. काकांकडे. त्यांना विचारून झालं. म्हणाले, "इतकी वर्षं चोर होतो, आता वाळूने सोडवलं होय? ये म्हणावं. पण घोरणार असेल तर व्हरांड्यात."

काकूंनी खोली झाडून ठेवलीय. तुमचं जाड पांघरूण शोधत असाल तर ते इथे आहे. आईवर रागावू नका, गळ मीच घातली. पत्रही तिच्याच हाती देतोय, कारण मी तोंडाने सांगायला लागलो की तुम्ही हातोडी जोरात मारता.

संध्याकाळी होडी घेऊन या. काका सकाळपासून काठावर उभे आहेत. विचारलं तर म्हणतात, वारा बघतोय.

समोरच्या काठावरून,
तुमचाच,
धाकटा